पाठमोरा पैलवान

माझा नातू परमुलखात शिकायला गेलाय. शिकता शिकता शनिवारी-रविवारी तिथल्या एका नाचघराच्या दाराशी उभा राहतो म्हणे. कुणी दंगा केला की त्याला उचलायचं आणि बाहेर ठेवायचं, एवढंच काम. हे कळल्यापासून सूनबाईंनी डोक्याला फडकं बांधून अंथरूण धरलं. एवढा शिकवला, आणि पोरगं नाचघराच्या दारात! मी म्हटलं, अगं रडतेस काय? घराण्याचा धंदाच आहे तो. तुझ्या सासऱ्यानं तेच केलंय.

बाई ताडकन उठून बसली. आता सांगणं भागच आलं.

गोष्ट सन तीस-पस्तीसच्या आसपासची. माझं गाव इंदापूरच्या खाली, भीमेच्या काठाला. मिसरूड फुटायच्या वयात मी बारामतीच्या तालमीत राहायला गेलो. बैलगाडीनं दिवसभराची वाट, पण आमच्या आईच्या लेखी बारामती म्हणजे विलायत. तिथलं पाणी कालव्याचं आणि तिथली माणसं दिवसातून दोनदा चहा पितात, एवढं तिला पुरेसं होतं. निघताना तिनं फडक्यात गावची माती बांधून दिली. म्हणाली, "परमुलखाचं पानी बाधलं तर चिमूटभर कालवून पी." पाणी बाधलं नाही. पण माती मी जपून ठेवली.

तालमीचे वस्ताद म्हणजे साक्षात जमदग्नी. चहा नाही, विडी नाही, बाईकडं मान वर करून बघणं नाही. आणि कुस्तीचे दोन नियम त्यांनी आमच्या हाडात मुरवले होते. सलामी दिल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि सलामीला पुढं आलेला हात कधी नाकारायचा नाही. जो चुकला त्याचा लंगोट खुंटीवरून थेट रस्त्यावर. वस्तादांनी एकदा लंगोट फेकला की सगळ्या मुलखात दुसरी कुठली तालीम दारात उभं करत नसे.

त्या साली माझी कुस्ती इंदापूरच्या उरुसात लागली होती, सोलापूरकडच्या एका नावाजलेल्या गड्याशी. आमच्या गावातनं त्या फडात आजवर कुणी उतरलं नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, भेटेल त्याला सांगत सुटले होते. सगळा गाव गाड्या जुंपून येणार होता. आणि नेमकी तेव्हाच माझ्यासाठी घरनं तालमीत आणून बांधलेली म्हैस आटली. दुधावाचून पैलवान म्हणजे तेलावाचून दिवा. मला रात्रंदिवस एकच घोर लागला होता: उरुसापर्यंत अंग टिकणार कसं?

आता फड हा शब्द आमच्याकडं तीन ठिकाणी चालतो. उसाचा फड, कुस्तीचा फड आणि तमाशाचा फड. कालव्यानं ऊस आला, आणि उसाच्या मागं हुंगत तमाशा आला. नव्या कारखान्यांवरची, गुऱ्हाळांवरची माणसं दिवे लागले की बारामतीत उतरायची. काही आधीच टाकून यायची. तंबूच्या दारात रोज हाणामारी. शेवटी फडमालक आमच्या तालमीत आला आणि पायरीखाली हात जोडून उभा राहिला.

"वस्ताद, दाराला एक मानूस द्या. अंगानं दांडगा आन लंगोटाचा पक्का. फडाची सोताची म्हस हाय. सकाळ-संध्याकाळ तांब्या भरून दूध, धारोष्ण, दारातच."

दूध म्हटल्यावर वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या बरगड्या त्यांना दिसत होत्या. बराच वेळ मिशी ओढून ते म्हणाले, "जा. पर तंबूकडं पाठ करून हुबा ऱ्हायाचं. इंदापूरची कुस्ती हुईस्तवर त्या लावणीवाल्या बाईचं तोंड बघितलंस, तर लंगोट रस्त्यावर समज. मंग इंदापूरबी न्हाय आन काय बी न्हाय."

झालं! अख्खा हंगाम मी तमाशाच्या दारात उभा होतो आणि तमाशा एकदाही पाहिला नाही. तोंड रस्त्याकडं, पाठ रंगाकडं, म्हणजे बाई नाचायची त्या फळ्यांकडं. आत गॅसबत्त्या सूं सूं करायच्या, ढोलकी कडाडायची, माणसं फेटे उडवायची, आणि मी समोरच्या चिंचेखाली रवंथ करणारा बैल बघत उभा. येणारा-जाणारा खोड काढायचा. "पैलवान, मागं वाघ हाय व्हय?" पण कान काय झाकता येतात? त्या बाईचा आवाज म्हणजे उसाचा ताजा रस. लावणी म्हणताना ती शेवटचा शब्द जरा ओढायची आणि माझी मान आपोआप वळायला लागायची. मग मी त्या बैलाकडं जास्तच डोळे फाडून बघायचो. मनात मात्र तिचं चित्र पुरं झालं होतं. सोळा वर्षं, फार तर सतरा.

पहिल्याच दिवशी माझ्या नोकरीची शोभा झाली. उसाच्या मोळ्या उचलणारा एक झिंगलेला गडी फुकट आत घुसायला लागला. त्याला बाहेर काढायचं तर अंगाला हात लावायला हवा, आणि सलामीवाचून हात लावायचा नाही. मी खाली वाकलो, माती उचलली, तळहाताला चोळली आणि हात पुढं केला. तो गडी क्षणात शुद्धीवर आला! त्यानंही माती उचलली, शड्डू ठोकला आणि माझ्या हातात हात दिला. बघता बघता भोवती कडं झालं. "सोड त्याला ढाकेवर!" "आरं, मानंला धर!" आतली माणसं कुस्ती बघायला बाहेर आली. त्यांच्यामागनं हलगीवाला आला आणि कुस्तीची हलगी वाजवायला लागला. आत बाई एकटीच गवळण म्हणत उभी.

फडमालक कपाळ बडवत आला. "पैलवान, तुला मानसं भाईर काडाय ठिवलाय का तमाशा भाईर काडाय?"

मी काय करणार? नियम तो नियम. पुढं पुढं लोकांनाही सवय झाली. दंगेखोर स्वतःच विचारायचे, "सलामी हितंच घ्यायची का तिकडं चिंचंखाली?"

असं गुण्यागोविंदानं चाललं होतं. उरूस चार दिवसांवर आला, आणि एके संध्याकाळी तंबूत जावई आला.

जावई म्हणजे तिथल्या एका बड्या बागायतदाराचा. आणि आमच्याकडं एका घराचा जावई म्हणजे सगळ्या गावाचा जावई. त्यानं तुमच्या डोक्यावर बसावं आणि तुम्ही म्हणावं, पाव्हणं, नीट बसा, पडाल. तो पिऊन आला होता. लावणी रंगात आली असताना गडी उठला आणि थेट रंगावर चढला. हे मला कळलं ते ढोलकी थांबली म्हणून.

"हात सोडा, पाव्हणं." बाईचा आवाज.

लोक हसले. फडमालक गयावया करत होता, "पाव्हणं, आमी गरीब मानसं, सोडा." कुणी जागचं हललं नाही. जावयाला हात कोण लावणार?

"सोडा म्हनते न्हवं!" आता त्या आवाजातला रस पार आटला होता. आणि मग ती ओरडली, "पैलवान!"

वळलो तर लंगोट गेला, इंदापूर गेलं, आबांचं तोंड काळं झालं. न वळलो तर कसला पैलवान आणि कसलं काय! त्यांच्याच म्हशीचं दूध माझ्या पोटात होतं. समोरचा बैल माझ्याकडं बघत होता, पण त्यालाही काही सुचत नव्हतं.

मी मागं मागं चालायला लागलो.

अख्ख्या तंबूतनं, माणसांच्या मधनं, उलट्या पावली. कुणाचा पानाचा डबा तुडवला, कुणाच्या बोटांवर पाय दिला. "आरं आरं आरं!" करत माणसं बाजूला सरली. रंगाची फळी माझ्या कमरेला लागली तसा मी थांबलो. तळहाताला माती चोळून आलो होतोच. खांद्यावरनं उजवा हात मागं केला आणि दाराकडं बघतच म्हणालो, "पाव्हणं, सलामी."

पाव्हणा कितीही प्यालेला असला तरी लहानपणी कुठल्यातरी तालमीच्या मातीत लोळलेला होता. पुढं आलेला हात नाकारायचा नाही, हे त्याच्याही हाडात मुरलेलं. त्यानं बाईचं मनगट सोडलं आणि माझ्या हातात हात दिला.

धोबीपछाड हा डावच असा आहे, की तो गड्याकडं पाठ करूनच मारायचा असतो. मी त्याचा हात खांद्यावर ओढला, कमरेत वाकलो आणि झटका दिला. पाव्हणा माझ्या डोक्यावरनं सपशेल पुढं आला आणि पहिल्या रांगेच्या पायाशी उताणा पडला. हलगीवाल्याला कुणी सांगायला लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत माझा न्याय. आमचीच पोरं उठून सांगायला लागली, "वस्ताद, ह्यो रंगापतुर गेला. तोंड बघितल्याबिगर कसा राहील?" मी म्हटलं, "आईच्यान, न्हाय बघितलं." वस्तादांचा हात खुंटीकडं गेला. माझा लंगोट त्यांनी काढून हातात घेतला आणि विचारलं, "तिच्या लुगड्याचा रंग कंचा व्हता?"

मला काय ठाऊक?

"बोल की! कंचा रंग?"

"हिरवा, वस्ताद," मागनं एक पोरगं म्हणालं.

"हिरवा कुठनं? मोरपंखी व्हता," दुसरं म्हणालं.

"काठ तेवढा मोरपंखी," तिसरं.

आणि मग आपण काय बोलून बसलो ते तिघांच्याही ध्यानात आलं! वस्तादांनी माझा लंगोट नीट झटकला आणि परत खुंटीवर टांगला. बाकीच्यांना बैठका घालायला लावल्या. सूर्य माथ्यावर आला तरी ती पोरं खाली-वर होत होती. मी दूध प्यायला गेलो.

आता इंदापूर. तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर कुस्ती मीच मारली असणार. कसलं काय! सोलापूरच्या गड्यानं मला खडाखडीला, म्हणजे नुसते हात भिडवून ताकद जोखायलाही, पुरतं उभं राहू दिलं नाही. पायाला मिठी घातली, उचललं, आणि माझी पाठ मातीला लावली. आमच्या गावच्या गाड्या पहाटे जुंपून आल्या होत्या, आणि कुस्ती चिलीम पेटायच्या आत संपली. आबांनी फेटा डोळ्यांवर ओढून घेतला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पैलवानाची पाठ म्हणजे त्याची अब्रू. माती लागलेली पाठ घेऊन माणसांत कसं जायचं? मी फडाच्या मागं एका लिंबाखाली झाडाकडं तोंड करून उभा राहिलो. आईनं दिलेल्या मातीचं फडकं मुठीत होतं. तेवढ्यात मागनं आवाज आला.

"ही पाठ आमच्या वळखीची हाय."

उसाचा रस! उरुसाला त्यांचाही फड उतरला होता. ती जवळ आली आणि पदरानं माझी पाठ झटकायला लागली. "हंगामभर हीच बघत लावणी म्हनलीय मी. हिच्याकडं बघितलं की वाटायचं, दारात कोनतरी हाय आपलं. हिला माती शोभत न्हाय, बगा."

वस्तादांची अट कुस्ती होईस्तवरची होती. कुस्ती झाली होती. मी वळलो.

समोर माझ्या आईच्या वयाची बाई. केस पिकत आलेले, गालात तंबाखू, एका मनगटावर अजून काळंनिळं. मी आ वासून बघत राहिलो. तीही माझ्याकडं तशीच बघत होती.

"अगं बया!" ती म्हणाली. "ह्यो तर पोरगा हाय की गं! पाठीवरनं मी चांगला बाप्या समजले."

"आन मी तुमाला सोळा वर्साची," मी बोलून गेलो.

ती इतकी हसली की तिला लिंबाचा आधार घ्यावा लागला. हसता हसता माझं तोंड बघून एकदम थांबली. तोपर्यंत तुमी म्हणत होती ती मला, तिथनं तू म्हणाली.

"फिर तिकडं. खांद्याला माती ऱ्हायलीय अजून."

मी पुन्हा पाठ फिरवली आणि झाडाकडं तोंड करून पोटभर रडलो.