बॉनेटवरची माशी

आमच्या ह्यांचं लॅमिनेशनचं दुकान आहे आणि त्या रोगाची लागण घरालाही झाली आहे. रिमोट प्लास्टिकमध्ये, सोफा प्लास्टिकमध्ये. उन्हाळ्यात त्यावरून उठताना मांडीची सालटी निघतात. नवी गाडी आली, तर तिच्या रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून पारदर्शक फिल्म आणली. विकणाऱ्याने बजावलं होतं, आधी गाडी स्वच्छ धुवा, मग साबणाचं पाणी मारून फिल्म लावा.

"तो मला शिकवणार? जन्मभर हेच करतोय मी!" असं म्हणून ह्यांनी धुळकट बॉनेटवर कोरडीच फिल्म चिकटवली आणि वरून माझा हेअर ड्रायर फिरवला.

जाऊन बघते तर फिल्मखाली बरोबर मधोमध एक माशी. पाय वर, पोट फुटून पिवळं पसरलेलं.

"शी! काढा ते आधी!"

"काढली तर अख्खी फिल्म वाया जाईल. आणि लांबून कुठे दिसतंय?"

आता रोज सकाळी हे मऊ फडक्याने बॉनेट पुसत बसतात. फिल्मला जागोजागी फुगे आलेत, कडा सुटल्यात. माशीवर मात्र अजून एकही ओरखडा नाही.