स्टार्टरमधला नवा पुर्जा

आमच्या श्रीगोंद्याकडच्या शिवारात लाइट येऊन दोनेक वर्षं झाली होती. नगरचा फिटर विहिरीवर आला तेव्हाच मला संशय आला, कारण माणूस फार गोड बोलत होता. मोटरच्या स्टार्टरमध्ये नवा पुर्जा बसवला, की गेलेली लाइट परत येताच मोटर आपोआप चालू होणार होती. हेलपाटा वाचणार म्हणून थोरला भाऊ खूश.

मी विचारलं, "लाइट गेली की आमी विहिरीत उतरतो. पंप गळू नये म्हणून त्याच्या फिरत्या दांड्याभोवती दोरी कोंबतो. तेवढ्यात लाइट आली तर?"

"मेन स्विच पाडून उतरायचं," फिटर म्हणाला.

"आजवर कुनी पाडलाय?"

"लई संशयी हाईस तू," दादा खेकसला.

पुर्जा बसला. चहा पिताना लाइट गेली. दादानं सवयीनं दोरी उचलली आणि तो सरळ विहिरीत उतरला. फिटर बशीत फुंकर घालत बसला. माझं डोकंच फिरलं. मी पळत जाऊन मेन स्विच पाडला आणि त्यावर हात ठेवून उभा राहिलो.

दादा वर आला. त्यानं माझा हात पाहिला आणि फिटरकडे वळला.

"काढा त्यो पुर्जा. मला म्हातारं व्हायचंय."