वाघाचं जेवण आणि माझा सदरा

सत्तरच्या दशकात नाशकात मला लोक ‘वाघवाले सर’ म्हणत. वाघ मी तोवर सर्कशीतच पाहिला होता, पण त्यावाचून भाषणाचं काही अडत नसे. गणेशोत्सव असो की शाळेचं स्नेहसंमेलन, मी वाघाला घेऊन हजर. वाघ दबकत कसा येतो, हे मी व्यासपीठावर स्वतः दबकून दाखवी. एकदा झेप घेताना अध्यक्षांचा तांब्या त्यांच्याच मांडीवर उपडा झाला. लोकांना भाषणातलं तेवढंच आवडलं.

पण विषय मला पाठ होता. वाघ लांबवर धावत नाही. जवळ येईपर्यंत गवत होऊन राहतो. नरडं धरतो आणि जीव जाईपर्यंत सोडत नाही. मग शिकार ओढत गच्च झाडीत नेतो, मागच्या मांडीपासून खायला सुरुवात करतो, पोट भरलं की जवळच पाण्यापाशी पडून राहतो आणि उरलेलं खायला परत येतो. इथे मी आवाज खाली आणून विचारी, शिकार झाडीतच का नेतो? आणि मीच उत्तर देई, वरून गिधाडांना दिसू नये म्हणून. या वाक्याला नेहमी टाळ्या पडत.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, मागच्या रांगेत बसून टाळ्या न वाजवता ऐकायचा. गावात त्याचा फोटो स्टुडिओ होता. नवऱ्या मुली, पासपोर्ट, बारशाची बाळं, हेच त्याचं आयुष्य. पन्नाशीच्या आत त्याला काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर एके दिवशी दुकानात दादा मला म्हणाला, “जन्मभर लोकांना हसा हसा म्हणत फोटो काढले. ज्याला हसा म्हणावं लागत नाही, असं काहीतरी एकदा टिपायचंय. तुझा वाघ जेवताना दाखव.”

तेव्हा डांगच्या जंगलातून पट्टेवाला वाघ कधीमधी सुरगाण्याकडे उतरे. तिकडे ओळखीच्या लोकांना मी सांगून ठेवलं होतं. पावसाळा सरल्यावर निरोप आला: वाघाने गोऱ्हा मारलाय, अर्धा खाल्लाय, उरलेला करवंदीच्या जाळीत आहे. आम्ही जीपने पोचलो. गोऱ्ह्याच्या मालकाने आम्हाला जागा दाखवली, समोरच्या झाडावर मचाण बांधून दिलं आणि एकच अट घातली. त्या भागात वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. वाघाने धरलेलं जनावर त्याचं झालं, त्याला हात लावत नाहीत. “त्याचं हाय ते. हलवू नका,” एवढं बोलून तो गेला. मी मान डोलावली. मला काय, हे पाठच होतं.

ऊन कलायला अजून अवकाश होता. खालच्या ओढ्याकडून एक वानर खोकल्यासारखं ओरडलं, मग जरा अलीकडे दुसरं. वाघ दिसला की वानरं असाच इशारा देतात; म्हणजे वाघ उठला होता आणि आमच्याच दिशेने येत होता. मी दादाच्या कानात हे सांगितलं. दादाने कॅमेऱ्याला डोळा लावला, काढला, पुन्हा लावला.

“जाळीखाली मला नुसता काळोख दिसतोय,” तो म्हणाला.

डोळ्यांबद्दल त्याने स्वतःहून तक्रार केलेली मी पहिल्यांदाच ऐकली. आता वाटतं, तेव्हा मी फक्त त्याचा हात धरून बसायला हवं होतं. पण मी पडलो वाघवाले सर. “थांब,” म्हणालो आणि मचाणावरून उतरलो. गोऱ्ह्याचे पुढचे पाय धरून त्याला जाळीतून बाहेर ओढलं, छान उन्हात, जसा दादा गिऱ्हाइकाला स्टुलावर दिव्यासमोर सरकवून बसवी तसा. वर चढून बसलो तेव्हा स्वतःवर खूश होतो.

पहिली सावली गोऱ्ह्यावरून सरकली, तेव्हा मला माझं टाळ्यांचं वाक्य आठवलं.

तेव्हा आपल्याकडे गिधाडांना तोटा नव्हता. एक उतरलं आणि मागोमाग आभाळच खाली आलं. नुसती ओढाओढ, भांडणं, पंखांची फडफड. मी अंगातला सदरा काढला, खाली उडी मारली आणि तो गरगर फिरवत, घशाच्या शिरा ताणून ओरडत त्यांच्या अंगावर धावलो. गिधाडं थोडी मागे सरत आणि माझी पाठ वळताच परत येत. ओढ्याकडची वानरं पुन्हा ओरडली, पण आता लांबून. मग डोंगराच्या सोंडेवरून. मग तीही थांबली. गिधाडं मी बोलावली होती. वाघ मी हाकलला.

राहिला तो बरगड्यांचा पिंजरा. परतीच्या वाटेवर पिंपळनारे गाव ओलांडल्यावर दादा म्हणाला, “उन्हात मला अगदी स्पष्ट दिसत होतं.” मी त्याला अजून एकदा येऊ म्हटलं.

आठवड्याभराने दुकानाच्या शोकेसमध्ये नवऱ्या मुलींच्या मधोमध एक मोठा फोटो लागला. पंख पसरलेली गिधाडं, आणि त्यांच्यात बनियनवरचा एक किडकिडीत माणूस, तोंड उघडं, हातात हवेत ताठ उभा राहिलेला सदरा. दादाच्या हातून निघालेला तो सगळ्यात चांगला फोटो होता, हे मलाही कळत होतं. गिऱ्हाईक विचारी, हा कोण? दादा सांगे, “माझा भाऊ. वाघांवर भाषणं देतो.” तो फोटो तिथून काढून टाक म्हणून मी विनवलं, वहिनींकरवी सांगून पाहिलं. दादाने शोकेसची किल्ली खिशात ठेवायला सुरुवात केली. भाषणाची बोलावणी मीच नाकारू लागलो. ती तशीही आटली होतीच.

परत सुरगाण्याला आम्ही गेलो नाही. ऐंशी सालानंतर दादाला उजेडातलंही दिसेनासं झालं. दुकान पुतण्याने घेतलं, तरी फोटो तिथेच राहिला. दादा शोकेसपाशी खुर्ची टाकून बसे, आणि मी गेलो की म्हणे, “सांग काय दिसतंय. तुला सांगता येतं.” मी सांगे: गिधाडं, बरगड्या, सदरा.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, “दादा, मागे जाळीत पट्ट्यांसारखं काहीतरी दिसतंय रे. आजवर लक्षात कसं आलं नाही?”

त्याने मान माझ्याकडे वळवली. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

“तो फोटो मी काढलाय,” दादा म्हणाला. “जाळीत काही नाही. तू सदऱ्यापासून सांग.”