सुतकातले गुलाब

लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर घासलेटच्या डब्यांत माझ्या पत्नीने पाच गुलाब लावले होते. त्यांची फुले केवळ देवासाठी; स्नान केल्यावाचून ती त्यांना हात लावीत नसे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या एका पौषात, खाली रस्त्यावरून मोर्चा जात असताना, तिने देह ठेवला.

मला दहा दिवसांचे सुतक आले. देवपूजा एका स्नेह्यांकडे सोपविली. परंतु देवाच्या फुलझाडांना सुतकात शिवावे कसे, या विचाराने मी गच्चीची पायरी चढलो नाही. नेमका त्याच दिवसांत उत्तरेचा कोरडा, बोचरा वारा सुटला. मुंबईत अशी थंडी क्वचितच पडते. तिसऱ्या दिवशी शेजारीण दारात आली. मालवणकडची, गिरणीत कामाला जाणारी बाई; हातात भरलेली कळशी.

"मास्तर, झाडांका कसला सुतक? मी पाणी घालतंय."

मी म्हणालो, "देवाची झाडे आहेत. कोणी शिवू नये."

ती कळशी तशीच घेऊन परत गेली. त्या माझ्या उत्तरात शास्त्र किती होते आणि अहंकार किती, हे मी आजही स्वतःला विचारतो.

अकराव्या दिवशी शुद्ध होऊन वर गेलो. कोवळे शेंडे काळे पडले होते. पाने हात लागताच चुरत होती. नखाने साल खरवडून पाहिली. चार झाडे आतून तपकिरी, पाचव्याच्या बुडाशी तेवढी हिरवी रेषा. तिथवर छाटले, कापावर शेण लिंपले, वाऱ्याच्या बाजूस तिचे जुने लुगडे बांधले आणि रोज प्रातःसंध्येनंतर पाणी घालू लागलो. तिच्या गुलाबाचे एखादे तरी फूल पुन्हा देवाला वाहता यावे, एवढीच इच्छा उरली होती.

फाल्गुनात फुटवा आला. मला रडू आवरेना. दादरच्या एका रोपवाल्याला मुद्दाम आणून तो दाखविला. त्याने बोटाने माती बाजूला सारली आणि हलकेच म्हणाला, "गुरुजी, वरचं कलम मेलं. हा खालच्या रानटी खुंटाचा फुटवा."

मी तो काढला नाही. चैत्रात त्यावर पाच पाकळ्यांचे एक फिकट फूल उमलले. त्या दिवशी मी शेजारणीला वर बोलाविले आणि झारी तिच्या हाती दिली. क्षमेचे शब्द ओठांशी येऊन थांबले.

"वयनींचो गुलाब ह्यो न्हय, मास्तर," ती म्हणाली.

मी होकारार्थी मान हलविली. तिने झारी खाली ठेवून पदराने डोळे टिपले, आणि मग झाडाला पाणी घातले.