गुडघ्याखालची उशी

आमच्या गावात माझं नाव एका उशीमुळं खराब झालं. बाकीच्या सुनांचं चुलीवरून, दागिन्यांवरून, वाटणीवरून होतं. माझं उशीवरून झालं, आणि ती उशी तरी माझ्याच माहेरून आलेली.

आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, उजवा गुडघा हैदराबादला बदलून आणला तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव भालकीजवळ. मालक पुण्याला कंपनीत, सुट्टी मिळाली की यायचे. एरवी घरात आम्ही दोघीच. ऑपरेशनच्या आधी आत्याबाईंचं चालणं पलंगापासून न्हाणीपर्यंत उरलं होतं, तेही माझ्या खांद्याला धरून. दुखण्याचं त्या फार बोलायच्या नाहीत. त्यांचं रडगाणं वेगळंच. गल्लीत कुणाकडं बाळंतपण झालं, कुणाकडं माती झाली, कुणाची पोर सासरी निघाली, यांना काही जाता येईना. लोक मात्र यांना भेटायला येत राहिले. एवढ्या जणांचं येणं अंगावर ठेवून मरू काय, असं म्हणायच्या. गल्लीतून एकटीनं, सरळ चालत, एकेकाच्या घरी जाऊन बसायचं, एवढ्यासाठी त्यांनी गुडघा कापायला दिला.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी पोरगी दखनीत बोलायची, आणि आत्याबाईंना दखनी माझ्यापेक्षा बरी कळते. पाय लांब करून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा अधांतरी राहू द्यायचा आणि तो खाली दाबत राहायचा. मग टॉवेल काढून तिनं पाय पलंगावर सपाट ठेवला आणि गुडघ्याखाली आपला हात सरकवला. हात आरपार गेला. ज्या दिवशी हा हात जाणार नाही त्या दिवशी पाय सरळ झाला समजायचं, म्हणाली. आम्ही निघताना तिनं बजावलं, "अम्मा, घुटने के नीचे तकिया नक्को. कित्ता बी दुखने दो, नक्को."

उशी ठेवली की बरं वाटतं, पण गुडघा वाकल्या जागी आखडून बसतो आणि मग जन्मभर लंगडायचं. हे तिनं मला बाजूला घेऊनही सांगितलं. आत्याबाईंच्या चेहऱ्यावरून तिला माणसाचा अंदाज आला असावा.

व्यायाम दोन तऱ्हेचे होते. एक पलंगाच्या कडेवर बसून पाय मागं वाकवायचा. तो आत्याबाई हौसेनं करायच्या, कारण तो दिसायचा. कुणी आलं की पाय मागं ओढून दाखवायच्या आणि बघणारी तोंडाला पदर लावायची. दुसरा हा सरळ करायचा. त्यात बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. बाई पडलीय आणि तोंड वाकडं करायलीय, एवढंच.

आणि बघणाऱ्यांना काय कमी? आमच्याकडं आजारी माणसाला नुसतं बघून जात नाहीत. बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचा, चहा घ्यायचा आणि हातानं काहीतरी करायचं. पाय चेपायचे, चादर नीट करायची. हात न लावता उठून गेलेली बाई म्हणजे लाइटचं मीटर बघायला आलेला माणूस. आता ऑपरेशनचा पाय चेपायला बंदी. हातांना काम उरलं नाही, तेव्हा सगळ्यांची नजर त्या अधांतरी गुडघ्याकडं गेली. पहिली उशी ठेवली ती समोरच्या घरातल्या अक्कानं. अक्का आणि आत्याबाई एकाच साली लग्न होऊन या गावात आलेल्या. अक्कानं उशी ठेवली, आत्याबाईंनी डोळे मिटून "बरं वाटलं बघ" म्हटलं, आणि मी अक्काच्या देखत ती उशी ओढून काढली.

झालं. दिवे लागायच्या आत गल्लीभर झालं की ही सासूच्या पायाखालची उशी काढून घेते.

मी सांगून बघितलं. डॉक्टरनं सांगितलंय म्हटलं, तर डॉक्टरला काय दुखायलंय, असं उत्तर आलं. मग मी घरातल्या सगळ्या उश्या ज्वारीच्या कोठीत टाकल्या. बाया घडी घालून चादर ठेवायला लागल्या. चादरी उचलल्या तर एकीनं बाजाराची पिशवी ठेवली, त्यात कोथिंबीर होती. मी चहा ठेवायला आत जायची, बाहेर येऊन गुडघ्याखालचं सामान काढायची आणि चहा द्यायची. चहा सगळ्याजणी प्यायच्या.

अक्कानं पुण्याला फोन लावला. मालकांचा मला आला. आईला एवढं दुखायलंय तर राहू दे की एक उशी, लोक काय म्हणायलेत. म्हटलं, या, आणि आईच्या गुडघ्याखाली हात घालून बघा, अख्खा जातोय. ते म्हणाले, सुट्टी नाही. म्हटलं, मग लोकांचं तुम्हीच ऐका, मला इथं काम आहे. फोन ठेवला आणि मोरीवर जाऊन भांडी आपटली. राग लोकांचा नव्हता. त्यांना माहीतच नव्हतं. राग आत्याबाईंचा होता. दखनी त्यांना कळत होती.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी टॉवेलची गुंडाळी त्यांच्या टाचेखाली ठेवली आणि सरळ विचारलं, "तुम्ही कामून ठेवू देता? न्हाई म्हणायला काय होतंय?"

गुडघा खाली दाबत, दात आवळून त्या म्हणाल्या, "घरी आलेल्या बाईचा हात कसा झटकू? तू काढ. तुला तसंबी समदे वंगाळच म्हणतेत."

म्हणजे यांना पाय सरळ पाहिजे, लोकांत नावही चांगलं पाहिजे, आणि मधलं जे काही वंगाळ आहे ते सुनेनं सांभाळायचं. मला इतका संताप आला की मी टॉवेल होता त्याच्या दुप्पट जाड केला. त्यांनी तसाच गुडघा दाबला. डोळ्यांतून पाणी कानाकडं गेलं, पुसलं नाही.

पुढं आमचं तसंच चाललं. बाया ठेवायच्या, आत्याबाई "बरं वाटलं बघ" म्हणायच्या, मी काढायची. काढताना त्या माझ्याकडं बघायच्यासुद्धा नाहीत. उलट अक्काकडं बघून उसासा टाकायच्या. तो उसासा मला गल्लीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचा. पण गुडघ्याखाली माझा हात दर आठवड्याला कमी कमी जायला लागला. आधी मनगटापर्यंत, मग नुसती बोटं. एका सकाळी बोटंही जाईनात. मी परत घालून बघितलं. आत्याबाई म्हणाल्या, आता बास कर, गुदगुल्या व्हायलेत.

ऊस तुटायच्या दिवसांत त्या काठी टाकून गल्लीत निघाल्या. एकेक घर घेतलं, बसल्या, चहा प्याल्या. लोक म्हणाले, बाईची जिद्द बघा, असली सून असूनबी पाय सरळ झाला. हे मला निरोप दिल्यासारखं येऊन सांगायचे.

पुढच्या वर्षी अक्कानंही गुडघा बदलून घेतला. घरी आणल्याचं कळताच आत्याबाईंनी नवं लुगडं नेसलं, बिस्किटाचा पुडा घेतला आणि मला म्हणाल्या, चल. मी म्हटलं, मी कशाला, मला बघून अक्काला ताप येईल. त्या थांबूनच राहिल्या, म्हणून गेले.

अक्काची खोली बायांनी भरलेली. अक्काच्या गुडघ्याखाली उशी होती, चांगली जाड. आत्याबाईंनी पुडा उशाशी ठेवला. मग वाकल्या आणि ती उशी ओढून काढली. अक्का कळवळली. बाया सवयीनं माझ्याकडं बघायला लागल्या.

"तिकडं काय बघायलाव?" आत्याबाई म्हणाल्या. "मी काढली. आता मला वंगाळ म्हना."

त्यांनी उशी माझ्या हातात दिली आणि अक्काच्या टाचेखाली ठेवायला टॉवेल मागितला. मला रडायला येत होतं आणि त्यांचा रागही येत होता, एवढा उशीर कामून केला म्हणून. मी उशी पोटाशी धरून भिंतीला उभी राहिले. अक्काच्या सुनेनं टॉवेल आणून दिला. मी तिला म्हटलं, अजून थोडा जाड कर.