वेगळी ताटली

"बाईंना जरा वेगळी ताटली आणा हो," सुलभाबाई म्हणाल्या. "त्यांना असं एकात जेवायची सवय नसते."

माझा हात थाळ्याकडं निघाला होता. अर्ध्यात थांबला.

थाळा मधोमध होता. परातीपेक्षा मोठा, कल्हई केलेला. त्यात शेवया घातलेला भात, भरलेली वांगी, वाटलेले काबुली चणे, वर तेल सोडलेलं. भोवती पाच जणी बसलो होतो. शाळेच्या मोठ्या बाई, सुलभाबाई, निर्मलाबाई, मी आणि आमची विद्यार्थिनी सलमा. चौघींनी एकाच थाळ्यात जेवायचं. पाचवीला ताटली.

सुलभाबाई हसून बोलल्या होत्या. गोड आवाजात. काळजी घेतल्यासारखं. शिवी दिली असती तर मला उलट बोलता आलं असतं. काळजीला काय उलट बोलणार?

ताटली आली. सलमाची अम्मी घेऊन आली. तिनं ती माझ्यापुढं ठेवली आणि आधी मलाच वाढलं. भात, वांगं, कबाबाचे मोठे मोठे तुकडे. तिला वाटलं, या बाईंचा मान मोठा असणार. म्हणून यांचं वेगळं.

"खाओ बाई, शरमाओ नक्को," ती म्हणाली.

मी मान खाली घातली आणि खाल्लं.

सोलापुरात त्या हॉटेलला सगळे शामवाल्यांचं हॉटेल म्हणायचे. सलमाच्या वडलांचे आजोबा शाम देशातनं, म्हणजे सिरियातनं, घोड्यांचा व्यापार करत हैदराबादला आले आणि पुढं कुणीतरी सोलापुरात येऊन चूल मांडली. आता सलमाचे वडील, यूसुफचाचा, गल्ल्यावर बसायचे. त्यांचा भाऊ भट्टीवर. घरातल्या बाया आत मसाले वाटायच्या. दारावर मराठीत आणि उर्दूत 'हलाल' लिहिलेलं. मिलची पाळी सुटली की बाहेर सायकली लागायच्या. कबाबाचा वास पार आमच्या वस्तीच्या तोंडापर्यंत यायचा.

मी लहानपणी तो वास घेऊन भाकरी खाल्लेली आहे. खोटं नाही. दारात बसायचं, वारा तिकडनं आला की घास घ्यायचा.

माझा बाप मिलमध्ये होता. सूत खात्यात. मागावर पैसा जास्त मिळायचा, पण आमच्या माणसाला मागावर घेत नव्हते. मागात इकडनं तिकडं पळणाऱ्या धोट्यातला धागा तुटला की तोंडानं ओढून काढायला लागायचा. आमच्या तोंडाचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला लागला असता. म्हणून बाप आयुष्यभर सूत खात्यात खोकला. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, मी शिक्षिका झाले त्या दिवशी. रागानं नाही सांगितलं. माहिती दिल्यासारखं सांगितलं.

मी मुलींच्या शाळेत लागले. संस्थेची शाळा होती. सलमा माझ्या वर्गात आली तेव्हा तिला इंग्रजीचं एक वाक्य सरळ वाचता येत नव्हतं. घरी सगळे दखनी बोलणारे, शाळा मराठी, त्यात हे इंग्रजी. पोरगी रडायची. शाळा सुटल्यावर मी तिला घेऊन बसायची. क्रियापदं पाठ करून घेतली. निबंध लिहून घेतले, खोडले, परत लिहून घेतले. दुष्काळ नुकताच सरला होता, शाळेच्या नळाला पाणी नसायचं, घसा कोरडा पडायचा, तरी बसायचो. अकरावीची मॅट्रिक होती तेव्हा. सलमा पास झाली. इंग्रजीत तर वर्गात पुढं. त्यांच्या घरातली पहिली मॅट्रिक पोरगी.

सुट्टीत निकाल द्यायला आम्ही शाळेत जमलो होतो, तिथं यूसुफचाचा स्वतः आले. डोक्यावर टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाले, "सब बाई लोगां खाने कू आना. इनकार नक्को करो."

घरी सांगितलं तर आई हरखली. "बोलावलंय तर जायाचं की! लई मोठं हाटेल हाय ते."

बाप म्हणाला, "जा. पण कुटं बसवत्यात ते बघून बस."

मला राग आला बापाचा. म्हणलं, आता तो काळ गेला. मी नवी साडी नेसून गेले.

पडद्यामागं बायामाणसांसाठी एक खोली होती. सतरंजी, त्यावर पांढरी चादर, चादरीवर चौरंग. यूसुफचाचांनी आधीच सांगितलं होतं की थाळ्यातलं सगळं शाकाहारी आहे, नव्या भांड्यात केलेलं आहे. मटण आणि कबाब बाजूला वेगळ्या वाडग्यांत. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. पडद्याच्या पलीकडनं ते म्हणाले, "हमारे में मेहमान एकीच थाल में खाते. सबका हात एक जगा पड्या तो खाने में बरकत रैती."

मोठ्या बाई जरा मागं सरकल्या. सुलभाबाई मात्र लगेच पुढं सरकल्या. "किती छान! आपण सगळ्या मैत्रिणीच तर आहोत."

सगळ्या. तो शब्द मी ऐकला आणि हात पुढं केला. पुढचं सांगितलंच.

ताटलीत मान घालून बसले तरी डोळे वर जायचेच. समोर चार हात थाळ्यात. एकीच्या बोटाला दुसरीचं बोट लागत होतं. भाताची भिंत मधनं ढासळली की हसत होत्या. सलमाचा हात त्यांच्यात. सलमा मुसलमानाची पोर. तिचा हात त्यांना चालला. मोठ्या बाई जरा कडेकडेनं खात होत्या, पण खात होत्या.

मी जळले. स्पष्ट सांगते. सुलभाबाईंवर तर जळलेच, पण त्याच्याहून जास्त त्या पोरीवर जळले. जिला मी अक्षर अक्षर शिकवलं, ती त्यांच्यात बसली होती आणि मी बाहेर. तिचा बाप पडद्याआड उभा होता, अजून काही लागतंय का विचारत होता. त्याचं स्वतःचं हॉटेल. त्याची स्वतःची भट्टी. लोक त्याच्याकडं जेवायला येतात. माझ्या बापाच्या हातचं पाणी प्यायला कोण आलं कधी? असं घर मला का नाही? असा बाप, असा थाळा, असं सगळ्यांनी येऊन कौतुक करणं?

सुलभाबाईंनी वाडग्यातला एक कबाब उचलला. डोळे मोठे करून सगळ्यांकडं बघितलं. "आज मी बाटणार हं," म्हणाल्या आणि खाल्ला. मोठ्या बाईंनी कानाला हात लावले. निर्मलाबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "कमाल आहे हो तुमची! खऱ्या सुधारक तुम्ही."

बघा. कबाब खाल्ला की ती सुधारक. घरी जाईल, डोक्यावरनं पाणी घेईल, परत होती तशी. तिला बाटायची गंमत करता येते. कारण तिला परत जायला जागा आहे. माझ्या ताटलीतही तोच कबाब होता. मी खाल्ला तर त्याची कुणाला कमाल वाटणार?

निर्मलाबाईंनी ते पण बोलून टाकलं. अम्मीला म्हणाल्या, "यांना वाढा की अजून. यांच्यात सगळंच चालतं."

मग सुलभाबाई सलमाकडं वळल्या. "इंग्रजीचं मात्र मी फार घासून घेतलं हो हिचं. पोरगी कष्टाळू."

सुलभाबाईंनी सलमाला इंग्रजी कधी शिकवलंच नव्हतं. त्या इतिहास शिकवायच्या. सलमानं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं. "इंग्रजी तर या बाईंनी..."

"हो, हो, सगळ्यांचीच मदत," मोठ्या बाई म्हणाल्या.

सलमा गप्प बसली. हात थाळ्यातच.

त्या वेळी माझ्या आत काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. ताटली माझ्यापुढं, शिकवणं माझं, पोरगी माझी, मेहनत माझी, आणि मी पाहुणी असल्यासारखी बाजूला बसून कौतुक ऐकतेय. दुसऱ्या कुणाचं तरी. इतका वेळ मी त्यांच्या थाळ्यावर जळत होते. आता वाटलं, त्यांचा कसा? बोलावणं मला पण आलंय. थाळा माझा पण आहे.

मी ताटली उचलली. चौरंगाजवळ सरकले. निर्मलाबाईंचा गुडघा बाजूला होईना, मी माझ्या गुडघ्यानं सरकवला. कबाब बाजूला काढून ताटलीतला भात थाळ्यात ओतला. सगळा. मग थाळ्यात हात घातला, चौघींची बोटं होती तिथंच, आणि मोठा घास घेतला.



आधी निर्मलाबाईंचा हात निघाला. मग मोठ्या बाईंचा. "माझं झालं," त्या म्हणाल्या आणि पदराला बोटं पुसली. सुलभाबाईंचा हात थाळ्यावर तसाच राहिला, आतही जाईना, मागंही जाईना. सुधारकाचा हात. बोटांना चण्याचं लागलेलं. शेवटी त्यांनी पण काढला.

"हे काय केलंत तुम्ही?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लोकांच्या घरी आहोत आपण."

"लोकांच्या घरी मला ताटली कुणी मागितली?" मी म्हणाले.

त्या उठल्या. तिघी उठल्या. हात धुऊन, पडदा सारून, चपला घालून गेल्या.

सलमा खाली बघत बसली होती. मी जेवत होते. पोट भरलं होतं, तरी जेवत होते. कुणी म्हणायला नको की उष्टं टाकून पळाली. वांगं आंबट होतं, चिंचेचं. लई चांगलं होतं. रडू येत होतं आणि ते चांगलं लागत होतं.

यूसुफचाचा पडद्यापाशी आले. मला वाटलं, हे तरी बाजूनं बोलतील. शामचे, घोडेवाल्यांचे नातू, एकाच थाळ्यात जेवणारे. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "बाई, तुम सही है. मेरेकू मालूम है. पन हमना इसी गाव में धंदा करना है. आगे यां झगडा नक्को."

मी त्यांना दोष दिला नाही. पण ऐकून घेतलं. त्यांच्याकडं पण सांभाळायला काहीतरी होतं. तेवढ्यापुरता मला त्यांचाही हेवा वाटला. माझ्याकडं गमवायला एवढंही नव्हतं.

घरी बापानं तोंड बघितलं आणि काही विचारलं नाही. आई विचारत राहिली, "काय काय व्हतं गं जेवायला?" मी सगळं सांगितलं. वांगं, शेवयांचा भात, काबुली चणे. ती ऐकत बसली.

चार दिवसांनी सलमा आमच्या वस्तीत आली. पहिल्यांदाच. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," मी म्हणाले. "पाहिजे होतं."

तिला वाटलं असेल, मी जवळ घेईन. मी घेतलं नाही. आत ये म्हणाले, पाणी दिलं. ती प्यायली. कॉलेजात जाणार आहे म्हणाली. मी म्हणाले, जा, आणि तिथं गप्प बसू नकोस.

शाळा उघडली तशी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. खुर्ची दिली. चहा पण सांगितला. म्हणाल्या, "झालं ते झालं. पण तुम्ही सगळ्यांचा अपमान केलात. आता स्टाफला तुमच्याबरोबर काम करणं जड जाणार. माढ्याला आपल्याच संस्थेच्या शाळेत जागा आहे. तिथं तुम्हाला बरं वाटेल. तुमची माणसंही आहेत तिथं. तुम्हीच अर्ज केलात तर बरं दिसेल."

परत काळजी. परत गोड आवाज. ताटली नुसती मोठी झाली होती. गावाएवढी.

"अर्ज मी करणार नाही," मी म्हणाले. "मला पाठवायचं असेल तर तुम्ही लिहा. आणि का पाठवता ते पण लिहा. हिनं थाळ्यात हात घातला, असं लिहा. खाली तुमची सही करा."

चहा आला. मी प्यायले आणि वर्गावर गेले. त्यांनी काही लिहिलं नाही. तसं कोण लिहितं? ते बोलायचं पण नसतं, लिहायचं तर नाहीच. आपण आपलं समजून बाजूला व्हायचं असतं. तेवढ्यावरच त्यांचं सगळं चालतं.

शिक्षकांच्या खोलीत एक लांब टेबल होतं. मधल्या सुट्टीत सगळ्या तिथं डबे उघडायच्या. मी नोकरीला लागल्यापासून डबा माझ्या वर्गातच खायची. कुणी तसं सांगितलं नव्हतं. मीच समजून घेतलं होतं.

त्या दिवशी मधली सुट्टी झाली. मी डबा घेऊन त्या खोलीत गेले. टेबलाच्या मधोमध एक खुर्ची होती. ती ओढली. बसले. डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. दोघी उठून खिडकीपाशी गेल्या. एकीनं डबा झाकला. मी भाकरी मोडली.

इतकी वर्षं मी आपली बाजूला होत होते, म्हणून त्या निवांत बसत होत्या. आता ज्यांना माझ्या शेजारी घास गिळत नाही, त्यांनी उठावं. रोज उठावं. मी ही खुर्ची सोडणार नाही.