हळदीकुंकवात दिलेला नंबर

त्या दिवशी मिरच्यांच्या ढिगाभोवती आम्ही तिघी होतो. मी, माझ्या चाळीतली शेजारीण, आणि काळाचौकीहून येणारी एक तरुण बाई, तिचा नवरा टॅक्सी चालवतो. गल्ल्यावर दुकानाचा मालक बसलेला. बाकी कोण नव्हतं. हे आधी सांगते, कारण नंतर लोक म्हणाले, म्हातारीच्या बाजूला कोण नव्हतं काय फोन घ्यायला? होते. सगळे होते, आणि सगळे हसत होते. मीपण.

लालबागला मसाल्याच्या दुकानात मी मिरच्यांची देठं काढायला बसते. मिल बंद पडली, नवरा गेला, तेव्हापासून बसते. उन्हाळ्यात काम जास्त, कारण लोक वर्षाचा मसाला करून घेतात. एकदा हात मिरचीत घातला की डोळ्याला लावायचा नाय, पदराला लावायचा नाय, आणि आता मोबाईललाही लावायचा नाय. काचेला तिखट लागलं की ते कानाला लागतं, कान दिवसभर पेटतो. म्हणून मी मोबाईल समोर गोणीवर ठेवते. वाजला तर कोपरानं नायतर बोटाच्या मागच्या हाडानं लाल गोल सरकवते. तेवढं मला येतं. शाळा माझी दुसरीपर्यंत. मोठं अक्षर लावून लावून वाचते.

माझी एक बहीण होती. धाकटी. नायगावला दिली होती, पोलिसांच्या लायनीच्या मागे, जुन्या चाळीत. चाळ पाडायला घेतली तेव्हा ती माणसं तिथंच जवळ भाड्याच्या खोलीत गेली. शेजारपाजार सगळा फुटला. कोण डोंबिवलीला, कोण विरारला. बहिणीची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातनं दोनदा तिला मशीनवर घालायचे. मी तिच्याकडे दर रविवारी जायची, लालबागवरनं चालत. पाय दुखले की परळपासनं बस.

आमचा भाऊ आधीच गेला. त्याची पोरं गावाला, ती काय येणार. म्हणजे तिचं माहेर म्हणून मी एकटी उरले होते. आमच्यात सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं हिरवं लुगडं पडतं. सासरची माणसं कितीपण चांगली असू देत, ते लुगडं माहेरनंच यायला लागतं. तोपर्यंत बाईला उचलत नायत. मी विधवा, नेसवायला माझा हात चालत नाय, नेसवतात सवाष्णी. पण आणायचं मीच.

बहिणीला ठाऊक होतं तिचं काय होणार. एका रविवारी मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "ताय, माझां लुगडां तूच घेवन ये. दुसऱ्याचां नको."

मी म्हटलं, "गप ग. माझ्या आधी जातेस काय?"

"मग काय थांबू तुझ्यासाठी? तू काय लवकर मरतीस?" म्हणाली आणि हसली. तिच्या हसण्याला तेव्हा दमच नव्हता राहिला.

मी दादरला जाऊन हिरवं सुती लुगडं आणलं, काठाला लाल. कोणाला बोलले नाय. सुनेलासुद्धा नाय. असली वस्तू घरात आहे हे कशाला सांगायचं.

आता त्या नंबराचं सांगते.

संक्रांतीत आमच्या गल्लीत मोठं हळदीकुंकू झालं. एक बिल्डर इथं टॉवर बांधतोय, त्याच्या लोकांनी केलं. मांडव, खुर्च्या, माईकवर गाणी. त्यांच्या बाया दारोदार येऊन सांगून गेल्या, "सगळ्या बायकांनी यायचं. विधवा बायकांनीपण यायचं. आम्ही भेद करत नाय." नवरा गेल्यापासून मला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. संक्रांतीला मी दार लोटून आत बसायची, म्हणजे जिन्यावरनं जाणाऱ्या बायांना अवघड नको. त्या वर्षी मी नवं लुगडं नेसून गेले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एका पोरीनं माझ्या कपाळाला हळद लावली, माझ्या डोळ्यात पाणी आलं.

तिथं टेबलावर एक वही होती. नाव आणि मोबाईल नंबर लिहायचा, मग वाण मिळायचं. स्टीलचा डबा, झाकणाचा. एका नंबराला एक डबा. वाणाला कोण नाय म्हणतं? वाण परत करत नायत. मी माझा नंबर दिला. मग मला बहिणीची आठवण झाली. ती कुठून येणार मांडवात? मी त्या पोरीला म्हटलं, "बाय, माझी बहीण आजारी असते, तिचंपण वाण दे." ती म्हणाली, "नंबर सांगा आजी." मी सांगितला. बहिणीकडे वेगळा फोन नव्हता, तो नंबर तिच्या नवऱ्याचा.

दोन डबे घेऊन मी घरी आले. चार दिवसांत फोन सुरू झाले.

पहिला फोन आला तेव्हा मी पूर्ण ऐकून घेतला. मुलगी गोड बोलत होती, मॅडम मॅडम करत होती. तिला मी सांगितलं की बाळा, मी मिरच्या निवडते, मी काय घर घेणार. ती म्हणाली, "मॅडम, लोन होतं." मग लोनवाले आले. मग विमावाले. मग गुडघ्याच्या तेलाचे, मग कानाच्या मशीनचे. मी देवाला हात जोडत असले तरी वाजायचा. कधी माणूस बोलायचा, कधी नुसता टेप. टेपला शिवी घालून काय उपयोग, पण मी घालायची. मेसेजचा तर ढीग. आमच्या घरच्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्यात पण तेच. सकाळी फुलं, दुपारी कोणाच्या जावयाचे आंबे विकायला, संध्याकाळी बदलापूरचे प्लॉट. टिंग टिंग करून डोकं उठवायचा. सुनेनं त्या ग्रुपचा आवाज बंद करून दिला. म्हणाली, "आई, ज्याचं नाव येतं नि फोटो येतो तोच फोन घ्यायचा. नुसता नंबर आला की कापायचा." मी तसंच करू लागले.

तर त्या दिवशी. सकाळचे दहा वाजून गेले असतील. गोणीवर मोबाईल वाजला. नुसता नंबर. मी हाडानं लाल गोल सरकवला.

थोड्या वेळानं परत. परत कापला.

शेजारीण म्हणाली, "काय गो म्हातारे, आज तुझे फ्लॅटवाले जोरात आहेत."

काळाचौकीची म्हणाली, "घ्या ना मावशी. स्विमिंग पूल दाखवेल तुम्हाला. लुगडं खोचून पोहा."

मालकपण गल्ल्यावरनं हसला. "घर घेतलंस की मला पेढे दे हां."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी रागावले होते. देठं काढून बोटं पेटलेली, वरनं हे. कापला. चौथ्यांदा वाजला आणि मी कोपरानं हिरवं सरकवलं, तोंड फोनजवळ नेलं आणि समोरच्याला बोलूच दिलं नाय. म्हटलं, "मेल्या, मला घर नको. माझी लाकडं गेली मसणात. तिथं जागा असली तर सांग. परत फोन केलास तर तोंडात मिरची कोंबीन." आणि कापला.

तिघंपण पोट धरून हसले. शेजारणीनं टाळी दिली मला. मिरचीच्या हाताची टाळी.

मग फोन परत आला नाय. मी म्हटलं, बघ, अशी भाषा कळते ह्यांना.

संध्याकाळी सात वाजता सून आली. ती लॅबमध्ये कामाला आहे, तिथं मोबाईल लॉकरात ठेवायला लागतो. मुलगा आखातात. सून दारातच उभी राहिली, चपला काढल्या नायत. म्हणाली, "आई, मावशी गेल्या. सकाळी गेल्या. ग्रुपवर टाकलंय."

मी पत्र्याच्या पेटीतनं लुगडं काढलं आणि तिच्याबरोबर निघाले. रस्ताभर मला वाटत होतं, थांबले असतील. माहेरचं यायचंय म्हणून थांबले असतील.

खोलीत तिच्या जागी पणती होती. पिठाच्या ताटाशेजारी. माझी भाचेसून पाणी घेऊन आली. बहिणीची नणंद भिंतीला टेकून बसलेली, तिनं माझ्या हातातलं पुडकं बघितलं आणि म्हणाली, "आलीस? आता कोणाला नेसवतेस ते? दोन वाजेपर्यंत ठेवली होती तिला. मग कोपऱ्यावरच्या दुकानातनं आणलं मीच." वर म्हणाली, "घर मिळालं काय तुला मसणात?"

तेव्हा मला कळलं.

बहिणीचा नवरा खाली मान घालून बसलेला. साधा माणूस, आवाज चढवत नाय कधी. म्हणाला, "चार वेळा केला. चौथ्यांदा उचललात. मी म्हणणार होतो, ती गेली, तेवढ्यात तुम्ही..." मग म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला कळलंय नि डोकं फिरलंय. परत कसा करणार?"

मी म्हटलं, "नाव नाय आलं तुमचं. नुसता नंबर आला."

"चार दिवसांपूर्वी नवीन घेतला ना नंबर. जुन्यावर रात्रंदिवस फ्लॅट नि लोन. ती मशीनवर असली की हॉस्पिटलचा फोन कुठचा नि ह्यांचा कुठचा कळेना, म्हणून बदलला. तुम्हीच दिला होतात ना आमचा जुना, त्या हळदीकुंकवात? डबा दिलात तेव्हा तीच म्हणाली होती."

दिला होता.

भाचा म्हणाला, "मावशी, मी ग्रुपवर टाकलं होतं ना सकाळीच. फोटो टाकला. तीस-चाळीस जणांनी हात जोडले. मला वाटलं तू बघितलंस." त्यानं मला दाखवलंसुद्धा. तिचा फोटो, खाली जोडलेले हात, हात, हात, मध्येच त्या जावयाचे आंबे, मग परत हात. जोडणाऱ्यांमधले अर्धेअधिक परळ-लालबागचेच. एकाला पण वाटलं नाय की हिला दिसत नसेल, जाऊन सांगू. लालबाग-नायगाव किती लांब आहे? मी म्हातारी चालत जाते.

आमच्या वेळी माणूस गेलं की एकजण निघायचा. माझी सासू गेली तेव्हा दीर मिलच्या गेटवर जाऊन उभा राहिला, आत निरोप गेला, साच्यांवर कापड विणणारी माणसं हात पुसत बाहेर आली. दीर मग तसाच चालत माझगावला, आमच्या नणंदेकडे. ती घरात नव्हती, गोदीत डबे पोचवायला गेलेली. तर गोदीच्या दारात थांबला तास दीड तास. तिला घेऊनच आला. लोक काय फार चांगले होते अशातला भाग नाय. दुसरा उपायच नव्हता, म्हणून जायचे.

बाराव्याला ते हिरवं लुगडं भाचेसुनेला दिलं. तिनं घेतलं. नेसेल की नाय ठाऊक नाय.

नंतर एक दिवस मी सुनेला म्हटलं, मला तिचं शेवटचं तोंड बघायचंय. भाच्यानं त्या दिवसाचा व्हिडिओ करून मोबाईलवर चढवला होता, वर रडकं गाणं लावून. सुनेनं लावून दिला आणि ती भांडी घासायला गेली. आधी माझी बहीण दिसलीच नाय. एक बाई आली, दात काढून हसत, बाल्कनीत उभी. घर दाखवत होती. मला ते बंद करता येईना. कोपऱ्यात आकडा उलटा पळत होता. मी दोन्ही हातांनी मोबाईल धरून बसले, ती बाई जाईपर्यंत. मग बहीण आली. दुकानातल्या लुगड्यात. नाकात कापूस. क्षणभर दिसली, मग माणसांच्या पाठी दिसल्या. परत बघायचं म्हटलं तर परत ती बाई आली हसत. मी मोबाईल पालथा घातला.

सून माझ्यासोबत त्या बिल्डरच्या हापिसात आली. थंडगार हापिस. तिथल्या पोरीला मी म्हटलं, "बाय, माझा नंबर तुमच्या वहीतनं खोडून टाक." ती वाईट बोलली नाय. म्हणाली, "आजी, वही आता नाहीये. नंबर पुढे गेलेत, ते आमच्याकडे राहत नाहीत." पुढे म्हणजे कुठे, तर तिला पण ठाऊक नव्हतं. निघताना तिनं मला टॉवरचा रंगीत कागद दिला.

अजून फोन येतात. नुसता नंबर आला तरी मी आता घेते. हात धुऊन, पुसून, घेते. पूर्ण ऐकते, कोण आहे ते कळेपर्यंत. मालक ओरडतो की काम राहतं. राहू दे. शेजारीण आता हसत नाय.

मला लिहायला वेळ लागतो, म्हणून आता शेवटचं थोडक्यात सांगते. वाचणाऱ्याकडे माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कोण गेलं आणि नात्यात एखादी म्हातारी असली, तर तिला फोन लागला नाय म्हणून सोडून देऊ नका, नि ग्रुपवर टाकलं म्हणून झालं असं समजू नका. एक माणूस पाठवा. तिच्या दारात उभं राहून सांगू दे त्याला. घरात नसली तर शेजारी विचारा, ती कुठे कामाला बसते ते सांगतील. तिथं जा, आणि ती येईपर्यंत थांबा.